घाटावरची पुराची रेघ परत द्या

प्रति,
मा. नगराध्यक्ष, मा. मुख्याधिकारी, सर्व सन्माननीय नगरसेवक,
तसेच पूरसंरक्षक भिंतीचं काम पाहणारे मा. अभियंता

विषय: नदीकाठच्या पूरसंरक्षक भिंतीवरचं रंगकाम, बुजवलेली भोकं आणि पुसलेली पूरखूण

महोदय, महोदया,

शहराचं नाव या पत्रात मुद्दाम लिहिलेलं नाही. ज्यांना उद्देशून लिहिलंय त्यांना ते पहिल्या ओळीतच कळेल, आणि बाकी वाचणाऱ्यांना आपापल्या नदीकाठचं गाव आठवेल. खान्देशात अशी गावं थोडी नाहीत.

मी पेंटर आहे. पस्तीस वर्षं हेच काम करतो. दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या मागची अक्षरं, शाळेच्या भिंतीवरचे नकाशे, दर पाच वर्षांनी निवडणुकीच्या भिंती. फ्लेक्स आला आणि पाट्यांचं काम बसलं. तेव्हापासून आपल्याच भिंतींनी माझं घर चालवलं आहे, हे मी कधी विसरणार नाही. म्हणून आधीच सांगतो, भिंती रंगवायला माझा विरोध नाही. या विषयावर कोणी तोंड उघडलं की "तुम्हाला शहर सुंदर झालेलं नको का?" असं विचारलं जातं. मला हवं आहे, माझ्या हातांना तर सगळ्यात जास्त हवं आहे. पण या वेळी आपण जे रंगवून घेतलं त्यात नुकसान झालं, आणि त्यात माझाही हात होता. गप्प बसणं मला जमत नाही.

झालं ते असं. घाटापासून नव्या पुलापर्यंतची भिंत पूरनियंत्रणाच्या निधीतून उभी राहिली. गेल्या हिवाळ्यात सुशोभीकरणाचं काम निघालं. ठेकेदाराने मोबाइलवर फोटो दाखवले: धबधबा, बर्फाचे डोंगर, देवदारची झाडं, हंसांची जोडी. यातलं काहीच आमच्या नदीवर नाही, पण काम काम असतं. परांची बांधली, भिंत घासली, प्रायमर मारला. काँक्रीटच्या भिंतीत दर चार-पाच फुटांवर पाइपची भोकं होती, मूठभर आकाराची. ती चित्राच्या मधोमध येत होती. एक हंसाच्या मानेवर, दोन कमळांवर. मुकादम म्हणाला, "बुजवून टाका, घाण दिसतात." मी म्हणालो, ही पाणी निघायची भोकं आहेत, कोणाला तरी विचारून घ्या. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, वरून सांगितलंय, बुजवा. मी सिमेंटच्या रिकाम्या गोणीचे बोळे आत कोंबले, वरून पुट्टी भरली, पत्तीने साफ केली आणि रंग दिला. तीन दिवस हेच काम केलं. नंतर भोक कुठे होतं ते मलाही सापडेना, इतकी सफाई आली होती.

चैत्रात अवकाळी पाऊस झाला. फार नाही, दोन रात्री. तिसऱ्या दिवशी सकाळी मी घाटावर गेलो तर हंसाच्या मानेवर रंगाचा फुगा आलेला. पोळी तव्यावर फुगते तसा, ताणलेला. अंगठ्याने दाबला. रंगाची साल फाटली आणि आतून काळं, मातकट पाणी माझ्या मनगटावरून कोपरापर्यंत आलं. पाण्याला गटाराचा वास होता. तो ओघळ थांबेल म्हणून मी पायरीवर बसलो. चहावाला दोनदा येऊन गेला, तरी पाणी चालूच होतं. ते पाणी नदीचं नव्हतं, नदी कोरडी होती. ते भिंतीच्या मागचं होतं.

आपल्याकडे अभियंते आहेत, त्यांना मी काय सांगणार? पण हे पत्र गल्लीतले लोकही वाचणार आहेत, त्यांच्यासाठी लिहितो. अशा भिंतीमागे माती भरलेली असते. आमच्याकडे ती काळी माती, पाणी पिऊन फुगणारी. पावसाचं आणि गटाराचं पाणी त्या मातीत साठतं. ते बाहेर पडावं म्हणून भिंतीत भोकं ठेवतात. वीप होल म्हणतात त्यांना. ती बंद केली की माती आणि पाणी दोन्ही मिळून भिंतीला आतून नदीकडे ढकलायला लागतात. पूर ओसरताना धोका सगळ्यात मोठा, कारण नदीकडचं पाणी झरझर उतरतं आणि आतलं तसंच तुंबून राहतं. पुराला अडवायला बांधलेली भिंत पुराच्या दुसऱ्या दिवशी पडू शकते. भिंतीखाली आमची मुलं गाळात क्रिकेट खेळतात तोच तो दिवस.

ही झाली पहिली तक्रार. फुगा फोडल्यावर मी तोंडी सांगितलं. दोन कार्यालयांत गेलो. एकीकडे म्हणाले, भिंत त्यांची. दुसरीकडे म्हणाले, रंग त्यांचा.

दुसरी तक्रार रेघेची. ती लिहायला मला जास्त वेळ लागला.

घाटावरच्या महादेवाच्या देवळाच्या उत्तर भिंतीवर एक पांढरी रेघ होती. दोन बोटं जाड, खाली काळ्या अक्षरांत "पुराचं पाणी इथपर्यंत" आणि तारीख. ती माझ्या वडिलांनी, म्हणजे दादांनी, काढलेली. मी तेव्हा तिसरीत होतो. पाणी उतरल्यावर देवळाच्या दगडावर गाळाचा डाग राहिला होता. आठवडाभरात तो उन्हाने उडून जाईल म्हणून दादा ब्रश आणि ऑइल पेंटचा डबा घेऊन आले. डाग एका बाजूला स्पष्ट होता, कोपऱ्यापलीकडे पुसट. त्यांनी लेव्हलची नळी काढली, पारदर्शक, पाणी भरलेली. एक टोक डागापाशी मला धरायला लावलं, दुसरं घेऊन ते कोपऱ्यापलीकडे गेले. "हलू नको," म्हणाले. नळीतलं पाणी दोन्हीकडे स्थिर झालं तेव्हा तिथे खडूची खूण केली आणि सूत मारलं. असंच शाळेच्या भिंतीवर आणि पिंपळाच्या पारावर, जिथे जिथे डाग होता तिथे. कोणी पैसे दिले नाहीत, कोणी सांगितलंही नव्हतं.

ती रेघ शोभेची नव्हती, ती वापरात होती. नदी घाटाच्या पायऱ्या चढायला लागली की गल्लीतलं कोणीतरी बॅटरी घेऊन देवळापाशी जायचं आणि ओरडून सांगायचं, "रेघेखाली पाच हात!" मग गव्हाच्या गोण्या माळ्यावर जायच्या. "तीन हात" म्हटलं की गुरांची दावी सुटायची आणि म्हाताऱ्यांना वरच्या आळीत न्यायचं. सुशोभीकरणात देवळाच्या त्या भिंतीला प्लास्टर झालं आणि वर दगडी दिसेल असा रंग दिला. शाळेची भिंत आधीच पडली होती. पारावर फरशी बसली. कानबाई ही आमची खान्देशातली देवी; तिच्या विसर्जनाला दरवर्षी त्याच पायऱ्यांवरून उतरणारी एक आजी मला म्हणाली, "तुना बापनी रेघ कोठे गयी रे भाऊ?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आपण म्हणाल, आता मोबाइलवर इशारा येतो, रेघ कशाला? येतो, आणि तो वेळेवर येतो याबद्दल मी आभारीच आहे. पण इशारा क्युसेकमध्ये येतो. तापीकाठच्या लोकांनी विचार करावा: हतनूर धरणाचे 41 दरवाजे उघडले, इतके हजार क्युसेक सोडले, असं कळल्यावर आपण काय करतो? एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट पाणी, हे शाळेत शिकलेलं आठवतंही. पण त्याने आपल्या ओट्याला पाणी लागेल की नाही हे कुठे कळतं? क्युसेकचं पायऱ्यांमध्ये भाषांतर करणारी एकच गोष्ट आमच्याकडे होती.

शेजारी नाशिकला बघा. गोदावरीत रामकुंडापाशी दुतोंड्या मारुतीची मूर्ती उभी आहे. पाणी मारुतीच्या गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं, यावर अख्खं शहर पुराचा अंदाज घेतं. बाजारपेठेतले व्यापारी त्यावर दुकानं आवरायची ठरवतात. ते शिल्प आहे, देव आहे आणि पूरमापकही आहे. सार्वजनिक कला म्हणजे आणखी काय असतं? आपल्या खर्चाच्या यादीत कारंजं, छत्र्या, रंगीत दिवे आणि फोटो काढायची जागा आहे. पुराचं पाणी किती आलं हे सांगणारी एकही वस्तू त्यात नाही, आणि निधी मात्र पुराचा आहे.

आणि अजिंठा तर आमचाच. ज्या वाघूर नदीच्या वळणावर ती लेणी आहेत, तीच नदी पुढे जळगाव जिल्ह्यात उतरून तापीला मिळते. तिथल्या कारागिरांनी नदीचं पात्र नदीला ठेवलं आणि आपलं काम कड्यावर, उंच केलं. मी शाळेच्या सहलीतून गेलो होतो तेव्हा खाली बघून हेच डोक्यात राहिलं, चित्रं नंतर कळली.

खान्देशात पुराचं नाव काढलं की वरचे लोक चकित होतात. पुराचा पैसा, पुराच्या बैठका म्हटलं की सांगली-कोल्हापूर डोळ्यासमोर येतं, आणि खान्देश म्हटलं की टँकर. पण आमच्या नद्या आठ महिने कोरड्या आणि मग एका रात्रीत येणाऱ्या. पांझरा सह्याद्रीतून, तितूर आणि डोंगरी अजिंठ्याच्या डोंगरातून, अनेर आणि सुकी सातपुड्यातून. डोंगर जवळ, उतार तीव्र, पाऊस वर पडतो आणि खाली आकाशात चांदणं असताना पाणी येतं. 1872 साली धुळ्यात पुराने घरादारांचं मोठं नुकसान केलं, ते जुन्या गॅझेटियरमध्ये आहे. इतकं मागे जायलाही नको. 31 ऑगस्ट 2021 ला चाळीसगावात तितूर आणि डोंगरी एकाच वेळी चढल्या. कन्नड घाटात दरडी कोसळून रस्ता बंद झाला, काठच्या गावांतली शेकडो गुरं गेली. माझी बहीण त्या तालुक्यात दिली आहे. पहाटे तिचा फोन आला. रडत नव्हती, एकच विचारत होती, "भाऊ, अजून किती चढेल?" मी इथे बसून काय सांगणार? तिच्या गावात कोणी रेघ काढून ठेवली नव्हती.

नदी आठ महिने कोरडी असते म्हणूनच तिच्या पात्रात बाजार, वाहनतळ, बगीचा सुचतो. या सुशोभीकरणात घाटाचा ओटा पात्रात पुढे सरकवला आहे. जितकी जागा इकडे घेतली तितकं पाणी समोरच्या काठावर जाईल. समोर वस्ती गरिबांची आहे आणि तिकडे भिंतही नाही. त्यांच्याशी कोणी बोललं का?

जुन्या लोकांचं पाण्याशी वागणं वेगळं होतं. पांझरेकाठची फड पद्धत, म्हणजे गावाने मिळून चालवलेलं बंधाऱ्याचं सिंचन, शेकडो वर्षं चालली. बंधारा, पाट, चारी, पाणी वाटून देणारा पाटकरी, सगळं गावाचं. त्यात जास्तीचं पाणी निघून जायला सांडवा मोकळा ठेवायचाच असतो. आणि ज्यांच्या नावाने दर 15 सप्टेंबरला अभियंता दिन साजरा होतो, त्या विश्वेश्वरय्यांनी 1884 मध्ये मुंबई सरकारच्या नोकरीत शिरल्यावर पहिलं काम खान्देशातच केलं, पांझरा खोऱ्यात दातर्तीला, पाणी पलीकडे नेणारा नळाचा सायफन. त्यांचा फोटो आपल्या कार्यालयात आहे, मी पाहिलाय.

आणखी दोन गोष्टी. शहरातले तीन नाले भिंतीतून नदीत जातात. त्यांच्या तोंडाला झडपा नाहीत. नदी चढली की पाणी नाल्यातून उलटं गावात येतं. गेल्या वर्षी भिंतीच्या वरून एक थेंब आला नाही, तरी खालच्या आळीत गटारातून घोटाभर पाणी शिरलं. एका घरात तर न्हाणीतूनच वर आलं. एकतर्फी लोखंडी झडप ही काही मोठी गोष्ट नाही. बाहेरचं पाणी दाबलं की बंद होते, आतलं पाणी आलं की उघडते. एवढं सुशोभीकरण झालं आणि झडपा राहिल्या.

आणि पैसा. कामाच्या फलकावर एकच मोठा आकडा लिहिलेला आहे. त्यातून भिंतीला किती, रंगाला किती, दिव्यांना किती, हे कळायला मार्ग नाही. पंधराव्या वित्त आयोगाने 2021 ते 2026 साठी राज्यांच्या आपत्ती निधीतला 20 टक्के भाग आपत्ती येण्याआधीच धोका कमी करण्यासाठी वेगळा ठेवायला सांगितला. म्हणजे दिल्लीपर्यंत सगळ्यांना पटलंय की आधी खर्च करायचा. मग तो खर्च पाण्यावर झाला की दिव्यांवर, हे आम्हाला विचारता आलं पाहिजे. मला कोणावर आळ घ्यायचा नाही. हिशेब दाखवा, एवढंच म्हणणं आहे.

आता मागण्या.

भिंतीतली बुजवलेली सगळी भोकं मृग लागण्याआधी उघडा. चित्रं बिघडली तरी चालतील. ती माझी चित्रं आहेत, मी सांगतो. भोकं कुठे आहेत हे मला शोधावं लागेल, पण भिंतीवर टकटक केली की पोकळ आवाजाने कळतं. मी आणि माझा मुलगा दोघं येऊ. उघडल्यावर आत अडकलेला बोळा आणि गाळ काढून जाळी बसवायची, आणि कोणा जाणत्या अभियंत्याने भिंत ओळंब्यात आहे का ते तपासून लेखी द्यायचं.

देवळाच्या उत्तर भिंतीवरचं प्लास्टर काढा. दगडावर जुन्या ऑइल पेंटचा अंश राहिला असण्याची शक्यता आहे. राहिला नसेल तर माझ्याकडे दादांची वही आहे. त्यात रेघेची उंची घाटाच्या वरच्या पायरीपासून फूट-इंचात लिहिलेली आहे. अभियंत्यांनी ती आपल्या दुर्बिणीने पडताळून घ्यावी, पण रेघ तिथे परत आली पाहिजे.

जलसंपदा विभागाच्या नकाशावर दोन पूररेषा असतात: निळी, साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, आणि लाल, 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. 1989 पासून राज्यात हे धोरण आहे. नदी आणि निळ्या रेषेच्या मधल्या पट्ट्यात बांधकामाला मनाई, निळ्या आणि लाल रेषेच्या मधल्या पट्ट्यात बंधनं. पण या रेषा लोकांना दिसतात कुठे? फायलीत. प्लॉट घेणाऱ्याला त्या दिसत नाहीत, भाडेकरूला तर नाहीच नाही. माझी मागणी आहे की या दोन्ही रेषा जिथे जिथे रस्ता, गल्ली, शाळा, विजेचा खांब ओलांडतात तिथे तिथे भिंतीवर आणि खांबांवर रंगाने काढा. निळ्याला निळा रंग, लालला लाल. शहरातल्या सगळ्या पेंटरांना मिळून पंधरा दिवसांचं काम आहे. रंगकामाच्या निधीत ते सहज बसतं. आणि घाटाच्या पायऱ्यांवर पाटबंधाऱ्याची फूटपट्टी रंगवा, मोठ्या आकड्यांची, रात्री बॅटरीत दिसेल अशी. तिच्या बाजूला लिहा, वरच्या धरणातून किती क्युसेक सुटले की पाणी कुठल्या पायरीवर येतं. तो हिशेब आपल्याकडेच आहे.

नाल्यांना झडपा बसवा. घाटाचा ओटा समोरच्या काठाला काय करेल याचा अभ्यास करून तो मराठीत जाहीर करा, आणि त्या वस्तीत जाऊन समजावून सांगा. पूरनियंत्रण आणि सुशोभीकरण यांचा खर्च वेगळा करून फलकावर लिहा. यापुढे भिंतीवर रंग, टाइल, शिल्प काहीही करायचं असेल तर ज्यांनी भिंत बांधली त्या अभियंत्याची सही आधी घ्या.

आणि उरलेल्या भिंतीवर चित्रं काढायची आहेत ना, जरूर काढू. आमची नदी कुठल्या डोंगरातून निघते, तिला वाटेत कोण मिळतं, ती तापीला कुठे भेटते, हे काढू. फडावरचा पाटकरी काढू. श्रावणात डोक्यावर कानबाई घेऊन उतरणाऱ्या बायका काढू. पुराच्या रात्री बॅटरी घेऊन उभा असलेला माणूस काढू. शाळेच्या मुलांना सोबत घेऊ, म्हणजे त्यांना रेघ कशी वाचायची तेही कळेल. इथे चांगले हात आहेत, त्यांना फक्त फोटो पाहून हंस काढायला लावू नका.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, होऊन गेली. मृग तोंडावर आहे. नव्या निविदेची वाट बघायला वेळ नाही, म्हणून रेघेपुरतं सांगतो: मला लेखी परवानगी द्या, मी मजुरी घेणार नाही. रंग माझा. दादांची लेव्हलची नळी मी जपून ठेवली आहे, पिवळी पडली आहे पण फुटलेली नाही. दुसरं टोक धरायला अभियंता साहेबांनी किंवा त्यांच्या माणसाने यावं, म्हणजे नंतर उंचीवरून वाद नको.

मी रोज सकाळी सात वाजता घाटावर असतो.

आपला,
या शहरातला एक पेंटर